लाकडी घुमटाचा माथा पुन्हा पुन्हा बसतो? दांड्या बदलण्याआधी हे तपासा

पहिल्या प्रदर्शनात घुमट उत्तम उभा राहतो. सुटा करून गोडाऊनमध्ये जातो, दुसऱ्या गावी पुन्हा जोडला जातो, आणि तिथे कुरकुर सुरू होते. खालीलपैकी दोन-तीन गोष्टी एकदम दिसत असतील तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

- माथ्याचा हब (दांड्या जिथे एकत्र येतात तो लोखंडी सांधा), किंवा वरच्या भागातला एखादा पाच दांड्यांचा हब, आत दबलेला दिसतो. बाहेरून त्या जागी गोलाई जाऊन सपाटी येते.
- कापड एका बाजूला ढिलं आणि समोरच्या बाजूला ताणलेलं. कितीही ओढून बांधलं तरी सुरकुत्या जागा बदलतात, जात नाहीत.
- एसी सुरू झाल्यावर किंवा बंद झाल्यावर सांध्यांमधून करकर ऐकू येते.
- तळाचा एखादा हब जमिनीपासून उचललेला असतो. खालून पोस्टकार्ड आरपार जातं.
- शेवटची दांडी बसत नाही, हातोडा लागतो.
- दांडीच्या टोकाला, बोल्टच्या रेषेत, लाकडाच्या रेषांच्या दिशेने चीर गेलेली असते.
- दाराची बाजू बाकीच्या घुमटापेक्षा खाली झुकते.

हे दिसलं की बहुतेक जण जाड दांड्या मागवतात. वजन वाढतं, खर्च वाढतो आणि माथा पुन्हा बसतो. कारण लाकूड क्वचितच दोषी असतं. दोष सांध्यात आणि तळात असतो, आणि तोही मिलिमीटरमध्ये.

कोणता घुमट धरला आहे

प्रदर्शनात सर्वांत जास्त दिसणारा प्रकार धरू या: ६ मीटर व्यासाचा, दोन फ्रिक्वेन्सीचा (मूळ त्रिकोणाच्या प्रत्येक बाजूचे दोन भाग केलेला) अर्धगोल जिओडेसिक, म्हणजे त्रिकोणांच्या जाळीचा घुमट. दांड्या ६५, हब २६. दांड्यांच्या लांब्या दोनच. हबच्या मध्यापासून मध्यापर्यंत आखूड ‘अ’ दांडी १६३९.६ मिमी (नग ३०) आणि लांब ‘ब’ दांडी १८५४.१ मिमी (नग ३५). हब म्हणजे एमएस (माइल्ड स्टील) पाइपचा तुकडा आणि त्याला वेल्ड केलेल्या ५ मिमी जाड पट्ट्या. पट्टी दांडीच्या टोकातल्या ६ मिमी खाचेत शिरते आणि आडवे दोन एम ८ (८ मिमी जाडीचे) बोल्ट लागतात. दोन्ही टोकांना हबच्या मध्यापासून ६० मिमी सोडले की लाकडाची प्रत्यक्ष लांबी ‘अ’साठी १५१९.६ आणि ‘ब’साठी १७३४.१ मिमी उरते. छेद ४० × ७० मिमी, ७० ची बाजू उभी. लागवडीच्या पाइनमध्ये सगळं लाकूड सुमारे १३५ किलो भरतं. गोंद कुठेच नाही. पुन्हा पुन्हा वापरायच्या घुमटात गोंद घातला की एक चिरलेली दांडी बदलायला अख्खा सांधा फेकावा लागतो.

आता मूळ गोष्ट. माथ्याच्या पाच ‘अ’ दांड्या फार उताराच्या नसतात. त्यांच्या खालच्या टोकांना जोडणाऱ्या पंचकोनापासून माथा फक्त ४४८ मिमी वर असतो. म्हणून त्या पाचही दांड्या प्रत्येकी १ मिमी आखडल्या तर माथा सुमारे ३.७ मिमी खाली येतो. सुताराच्या मापात सांगायचं तर एक सूत (सुमारे ३.२ मिमी) गेलं की माथा साडेअकरा मिमी गेला. खालची प्रत्येक तपासणी हे हरवलेले मिलिमीटर कुठे गेले, तेच शोधते.

आधी दिवे उतरवा, मग दोरी आणि पाण्याची नळी

दांड्यांच्या मध्यावर लटकवलेले दिवे, बॅनर, स्पीकर आधी खाली घ्या. दांडी दाबासाठी असते, मध्यावर वजन आलं की ती वाकते. टांगायचंच असेल तर हबला टांगा. नुसतं एवढं केल्यावर माथा वर आला, तर काम तिथेच संपलं.

मग उंच्या घ्या. पारदर्शक नळीत पाणी भरून तळाच्या हबच्या मध्यापासून प्रत्येक हबच्या मध्याची उंची मोजा. घुमट बरोबर असेल तर चारच आकडे मिळायला हवेत: खालचे पाच दांड्यांचे पाच हब १.३४२ मीटरवर, त्यांच्या मधले सहा दांड्यांचे पाच हब १.५७७ वर, वरच्या कड्यातले पाच हब २.५५२ वर आणि माथा ३.००० वर. एका कड्यातले पाचही हब सारखेच कमी असतील तर दोष सगळीकडे सारखा आहे, म्हणजे भोकं किंवा कापाची लांबी. एकच कमी असेल तर त्या हबशी किंवा त्याच्या खालच्या तळाशी जा. ही मोजणी दोन माणसांचं अर्ध्या तासाचं काम आहे. तरीही लोक ती टाळतात आणि डोळ्याने ठरवतात, हे अजब आहे.

माथा एकटा तपासायचा तर नायलॉन दोरी पुरते. वरच्या कड्याच्या एका हबपासून समोरच्या ‘ब’ दांडीच्या मध्यापर्यंत दोरी ताणा. ती पंचकोनाच्या बरोबर मध्यातून जाते. दोरीपासून माथ्याच्या हबच्या मध्यापर्यंत ४४८ मिमी हवेत. ४४० पर्यंत चालतं. ४३० च्या खाली गेलं की पुढची तपासणी पूर्ण होईपर्यंत आत लोक सोडू नका.

तळ

पाच कर्ण मोजा. समोरासमोरच्या तळाच्या हबमध्ये प्रत्येक वेळी ६००० मिमी हवेत, फरक ५ मिमीच्या आत. एक सोडून एक हब ३५२७ मिमी. टेपशिवाय काही लागत नाही, आणि माथा बसण्याचं कारण इथेच सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त.

कारण असं की स्वतःच्या वजनाखाली अर्धगोलाचा वरचा भाग आडव्या दिशेने दाबला जातो, पण माथ्यापासून सुमारे ५२ अंशांच्या खाली तोच भाग बाहेर फाकायला बघतो. ६ मीटरच्या घुमटात ही सीमा जमिनीपासून साधारण १.८५ मीटरवर येते. म्हणजे १.३४ आणि १.५८ वरचे सगळे हब बाहेर ढकलले जात असतात, आणि त्यांना शेवटी तळाच्या दहा ‘ब’ दांड्याच धरून ठेवतात. त्या दहा दांड्या ताणात असतात. गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशीवर तळाचे हब नुसते टेकवले, त्याखाली मंडपवाल्याने कार्पेट घातलं, आणि तळाच्या कड्याचे बोल्ट ढिले असले, तर घुमट रात्रीत पसरतो. प्रत्येक तळपट्टीभोवती (तळाच्या हबखालची टेकायची पट्टी) मास्किंग टेपने खूण करा आणि सकाळी पाहा. खूण सरकलेली दिसली की शोध संपला.

दुरुस्ती: पट्टीखालचं कार्पेट कापून काढा. फरशीची पातळी ३ मिमीपेक्षा जास्त हलत असेल तर मरीन प्लायच्या चकत्या घाला. पुठ्ठ्याच्या नाही, पुठ्ठा दबतो. डेकोरेटरच्या प्लायच्या प्लॅटफॉर्मवर उभारत असाल तर प्रत्येक तळाचा हब प्लॅटफॉर्मच्या पायावर यायला हवा. दोन पायांच्या मधोमध आला तर प्लाय लवचिक पाटासारखा खाली जातो, आणि वर कितीही बोल्ट आवळले तरी उपयोग होत नाही.

दार

हे तळाचंच अंग आहे, पण वेगळं सांगायला हवं. माणूस वाकल्याशिवाय आत यावा म्हणून १.५७७ वरचा एक हब आणि त्याच्या सहा दांड्या काढतात. त्यातून षटकोनी तोंड तयार होतं. इथपर्यंत ठीक, त्या षटकोनाच्या कोपऱ्यांना घट्ट बसणारी चौकट घातली तर. पण उंबरा पायात येतो म्हणून तळाची ‘ब’ दांडीही काढली जाते, आणि ताणाचं कडं तिथे तुटतं. मग दाराची बाजू झुकणारच. उंबऱ्याच्या जागी दोन हबना जोडणारी ५० × ६ मिमी एमएस पट्टी जमिनीलगत टाका, वर रबरी रॅम्प. पट्टीला हबच्या मध्यापासून मध्यापर्यंत १८५४ मिमीच हवेत. १८६० चालणार नाहीत.

बोल्ट आणि भोकं

दोनशे साठ बोल्ट आहेत: ६५ दांड्या, दोन टोकं, टोकाला दोन. हाताने फिरवून पाहा. जो बोटांनी फिरतो त्याला खडूची खूण करा. खुणा घुमटभर विखुरलेल्या असतील तर कारण ओलावा. एकाच भागात असतील तर उभारणीच्या वेळी ते आवळायचे राहिले.

आवळण्याचा क्रम महत्त्वाचा. माथ्याची शेवटची दांडी बसेपर्यंत एकही बोल्ट पक्का करू नका, सगळे बोटाने. मग तळाचं कडं, कर्ण पुन्हा मोजा, मग वर वर, समोरासमोर. शेवटची दांडी हातोड्याने बसवावी लागते ती बहुतेक वेळा कोणीतरी खालचा भाग आधीच करकचून आवळल्यामुळे. स्प्रिंग वॉशर लाकडावर निरुपयोगी आहे. तो लाकडात रुततो आणि त्याची स्प्रिंग संपते. २५ मिमी व्यासाचा, ३ मिमी जाड सपाट वॉशर दोन्ही बाजूंना. वॉशर किंचित रुतायला लागला की थांबा. खाचेच्या दोन्ही बाजूंना फक्त १७ मिमी लाकूड आहे.

भोकाचा व्यास व्हर्निअरने मोजा. एम ८ साठी लाकडात आणि पट्टीत दोन्हीकडे ८.५ मिमी. घाईत १० मिमीचा ड्रिल लावलेला असेल तर एका टोकाला दांडी मध्यापासून २ मिमी सरकू शकते, दोन टोकांना मिळून ४. माथ्यावर तो दीड सेंटीमीटर होतो. हे आवळून सुटत नाही, कारण घर्षण फार काळ टिकत नाही. पट्टीतलं भोक मोठं असेल तर नवी पट्टी. लाकडातलं मोठं असेल तर दोन्ही भोकं १० मिमीची नीट करून एम १० बोल्ट घालता येतो, पण तेव्हा दांडीच्या टोकापासून पहिल्या बोल्टपर्यंत ८० मिमी आणि दोन बोल्टमध्ये ५० मिमी अंतर असायला हवं. एम ८ ला दुसरं अंतर ४० पुरतं. टोकापासून ८० नसेल तर ताणाच्या दांडीचा शेवट बोल्टच्या रेषेत फाटतो. लक्षणांतली चीर तीच.

चिरलेल्या टोकात गोंद भरून ती पुन्हा वापरू नका. दांडी बाजूला काढा. ‘ब’ असेल तर चिरलेला भाग कापून तिची ‘अ’ होते, दोन लांब्यांमध्ये २१४.५ मिमीचा फरक आहे. लाकूड वाया न घालवण्याची याहून सोपी युक्ती नाही.

ओलावा

लांबीच्या दिशेने लाकूड जवळपास आखडत नाही. आडव्या दिशेने आखडतं. पावसाळ्यात कोकणातल्या किंवा मुंबईच्या गोडाऊनमध्ये ठेवलेली दांडी १६-१८ टक्के ओलावा धरते. तीच एसी हॉलमध्ये काही आठवडे राहिली की १०-१२ वर येते. सहा टक्के ओलावा गेला की ४० मिमी जाडीतून सुमारे अर्धा मिमी जातो, आणि काल घट्ट असलेला बोल्ट आज हाताने फिरतो. करकर याचीच. म्हणून उभारल्यावर दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा आवळायचं. हे वेळापत्रक ग्राहकाच्या करारात लिहा, नाहीतर कोणीच करत नाही.

दोन सुयांचा साधा मॉइश्चर मीटर घ्या. दांडीच्या मध्यावर टोचा, टोकावर नाही. टोकं लवकर सुकतात आणि फसवतात. सगळ्या दांड्या १२ च्या आसपास असताना भोकं पाडा. एकाच गठ्ठ्यात १० आणि १८ अशा दांड्या असतील तर त्या घुमटात एकत्र घालू नका. साठवताना आडव्या, मध्ये पट्ट्या ठेवून, भिंतीपासून सोडून. उभ्या टेकवून ठेवल्या की वाकतात.

वाकलंय का, ते दोरीने पाहा. दोन टोकांना दोरी लावून मध्यावर ६ मिमीपेक्षा जास्त फट असेल तर ती दांडी दाबात वापरू नका. ‘ब’ असेल तर तळाच्या कड्यात टाका. ताणात वाकडेपणाचा त्रास होत नाही. निलगिरी स्वस्त मिळते, पण पीळ घेते. या कामाला पाइन किंवा चांगली सुकवलेली सिल्व्हर ओक बरी. सागवानाला इथे पैसे घालवण्यात अर्थ नाही.

हबचे कोन

इथपर्यंत सगळं बरोबर निघालं तरच हे. महाग आहे, कारण हब फॅब्रिकेटरकडे परत जातात.

सहा दांड्यांच्या हबमध्ये वेल्डर ३६० चे सहा भाग करतो आणि ६० अंशांवर पट्ट्या लावतो. चूक तिथेच. या हबमध्ये दोन ‘अ’ आणि चार ‘ब’ येतात, क्रम अ-ब-ब-अ-ब-ब. शेजारच्या ‘अ’ आणि ‘ब’ मध्ये ५८.३ अंश, दोन ‘ब’ मध्ये ६३.४. साठावर वेल्ड केलं की ‘अ’च्या तुलनेत प्रत्येक ‘ब’ पावणेदोन अंशांनी चुकते, आणि तिचं दूरचं टोक पाच-साडेपाच सेंटीमीटर बाजूला जातं. माणसं ते ओढून बसवतात. घुमट उभा राहतो खरा, पण प्रत्येक दांडीत कायमचा पीळ राहतो आणि सगळ्यांत कमजोर खाच फाटते. पाच दांड्यांच्या हबमध्ये मात्र ७२ अंश सारखेच.

दुसरा कोन पट्टीच्या उताराचा: ‘अ’साठी १५.९ अंश, ‘ब’साठी १८. सगळ्याच १६ वर लावल्या तर सहा दांड्यांचे हब चपटे बसतात. ६ मिमी प्लायचे चार टेम्पलेट कापा (५८.३, ६३.४, १५.९, १८) आणि प्रत्येक हबवर टेकवून पाहा. एका अंशाहून जास्त फट दिसली तर तो हब बाद. पट्टी हातोड्याने वळवून सरळ करू नका, वेल्डच्या मुळाशी भेग पडते आणि ती रंगाखाली दिसत नाही.

तीन फ्रिक्वेन्सीचा घुमट असेल तर कोनांच्या आधी दांड्या तपासा. त्यात तीन लांब्या असतात, आणि ३ मीटर त्रिज्येला लांबच्या दोन लांब्यांत फक्त २६-२७ मिमीचा फरक येतो. अंधारात अदलाबदल सहज होते. दोन्ही टोकांना रंगाच्या पट्ट्या मारून ठेवा, एका टोकाला नाही.

माथा परत वर आणताना

बोल्ट ढिले करा, माथ्याच्या हबखाली स्क्रू जॅक लावलेली बल्ली द्या आणि ४४८ च्या जागी ४५२-४५३ पर्यंत उचला. आधार हबखालीच, दांडीखाली कधीच नाही. मग वरच्या कड्याचे आणि माथ्याचे बोल्ट आवळा, जॅक हळू उतरवा आणि दोरीने पुन्हा मोजा. आत हेल्मेटशिवाय कोणी नको.

इथे थांबा, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा

एखादा हब आत उलटला असेल, म्हणजे बाहेर यायच्या ऐवजी खोलगट झाला असेल, तर हात लावू नका. लोकांना बाहेर काढा, खालून आधार द्या, इतर काही करू नका. अशा घुमटात एक हब उलटला की शेजारचे ओढले जाऊ शकतात, आणि उलटण्याआधी फारशी सूचना मिळत नाही.

वेल्डजवळ केसाएवढी भेग दिसली, तीनपेक्षा जास्त दांड्यांची टोकं चिरलेली निघाली, किंवा सगळे आकडे बरोबर असूनही माथा आठवड्यात पुन्हा ८-१० मिमी बसला, तरी तेच. शेवटच्या प्रकारात छेद खरोखर कमी पडतोय का याचा हिशेब लागतो. तो हिशेब टेपने होत नाही.

घुमट हॉलबाहेर, उघड्यावर उभा करणार असाल तर काहीही बिघडायच्या आधीच इंजिनिअर हवा. आयएस ८७५ भाग ३ या भारतीय मानकात मूळ वाऱ्याचा वेग पुण्याला ३९ मीटर प्रति सेकंद आणि मुंबईला ४४ धरलेला आहे. तेवढाही नको, वळवाच्या पावसाआधीचा २० मीटर प्रति सेकंदाचा झोत घ्या. त्याचा दाब चौरस मीटरला २४० न्यूटन. घुमटाची जमिनीवरची जागा २८ चौरस मीटर. दाबाचा निम्मा भाग जरी वर उचलायला लागला तरी सुमारे ३४० किलोची ओढ होते. लाकूड, हब आणि कापड मिळून घुमट २२० किलोच्या आसपास भरतो. म्हणजे कापड चढवलेला मोकळा घुमट उडू शकतो, आणि वाळूच्या चार पोत्यांनी तो धरला जात नाही. घुमट जमिनीला धरून ठेवणारे नांगर किती, कुठे आणि कोणत्या मातीत, हे ठरवणं इंजिनिअरचं काम. वारा सुटेल असं वाटलं तर कापड आधी उतरवा. नुसता सांगाडा वाऱ्याला फारच कमी अडवतो.

८ मीटरच्या पुढचा व्यास, घुमटावर चढणारे लोक, किंवा हबला १० किलोपेक्षा जास्त टांगणी असेल तर वरचे आकडे लागू नाहीत. अग्निशमन दलाची परवानगी आणि कापडाचं आगप्रतिबंधक प्रमाणपत्र आयोजकाकडून उभारणीआधीच मागून घ्या. ते नसलं तर घुमट कितीही नीट उभा असला तरी उद्घाटनाच्या सकाळी उतरवायला सांगतात.